तात्पुरते साहेबांची वायर

बाबा,

तुमची वायर मी काढली. मानेसरच्या कारखान्यातल्या त्या जुन्या पॅनेलमधली, लाल बटणाला वळसा घालून आउटपुट कार्डाला थेट वीज पोचवणारी. तुम्ही ती घातलीत तेव्हा मी कॉलेजात होते आणि आता मला केस रंगवावे लागतात, यावरून काय ते समजा. तुमच्यावर मी पूर्वीही चिडायचे, पण ते घरातल्या घरात असायचं, जेवणं झाली की निवळायचं. या वेळी निवळलेलं नाही. मला तुमचा राग आलाय आणि तो ऐकून घ्यायला तुम्ही जागेवर नाही, नेहमीप्रमाणे. अहोजाहो करायची सवय हाडीमाशी खिळली आहे, नाहीतर आज मी सरळ एकेरीवर आले असते.

तुम्हाला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे. कारण मला ते तुम्हीच शिकवलंत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात. क्वार्टर आईच्या नोकरीची होती आणि याची कोणी आठवण करून दिलेली तुम्हाला खपत नसे. रविवार आहे. आई पोळ्या लाटतेय, मे महिना, गच्चीवरची टाकी कोरडी ठणठणीत. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आउटपुट कार्ड म्हणजे काय ते काही केल्या डोक्यात शिरत नाही, पुस्तकात नुसत्या चौकटी आणि बाण. तुम्ही ओट्याशी जाता आणि कोरडा नळ पूर्ण उघडता. "हे तुझं आउटपुट कार्ड. कंट्रोलर म्हणतो उघड, हा उघडतो. म्हणतो बंद, हा बंद होतो. पण याच्याकडे स्वतःचं पाणी आहे का? नाही. पाणी टाकीतून यायला हवं. कंट्रोलर नुसता हुकूम सोडणार, कार्ड म्हणजे नळ, आणि टाकी म्हणजे कार्डाला दिलेला वेगळा सप्लाय." मी विचारते, मग मशीनवरचं लाल बटण दाबल्यावर काय बंद व्हायला हवं, नळ की टाकी? तुम्ही इतके खूश होता की माझ्या डोक्यावर टपली मारता. "टाकी! नळावर कधी विश्वास ठेवायचा नाही. नळाचा वायसर जातो, आटे झिजतात, नळ अडकतो. जिथे माणसाचा हात जायचा आहे तिथे टाकीच बंद करायची. मग नळ उघडा राहिला तरी बिघडत नाही." आई म्हणते, "टाकीचं पुराण पुरे, खालून बादली आणून द्या." तुम्ही म्हणता, "आणतो एक, तात्पुरती." एक आणलीत. बाकीच्या तिने आणल्या.

तो नळ आणि ती टाकी मी आजवर किती नव्या मुलामुलींना समजावली असेन. गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात कोणी नवीन आलं की मी हिंदीत सुरू करते, "देखो, ये कार्ड एक नल है।" पोरं हसतात, पण विसरत नाहीत. माझं पोट तुमच्या त्या रविवारावर चालतं. जुन्या कारखान्यांची कंट्रोल पॅनेलं तपासायची, कुठे धोका आहे ते लिहून द्यायचं, हे माझं काम. तुमच्यामुळे मी या धंद्यात आले हे मी कौतुकाने सांगायचे. आता सांगताना जीभ अडखळते.

आपल्या घरात 'तात्पुरतं' हा शब्द मिठासारखा लागायचा. दिल्लीला आलो ते तात्पुरते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण आपण इथे तात्पुरते आहोत. मला हिंदी माध्यमात घातलं ते तात्पुरतं, पुढच्या वर्षी पुण्याला जायचंच आहे. पलंगाच्या मोडक्या पायाखाली तुम्ही विटा लावल्यात, तात्पुरत्या, आणि मी त्याच पलंगावर वाढले, नापास झाले, पास झाले, लग्न ठरल्यावर रडले ते त्याच विटांवर. गुरुग्राममध्ये फ्लॅट स्वस्त होते तेव्हा आईने घ्यायचं काढलं तर तुम्ही म्हणालात, "तात्पुरत्या गावात घर घेतं का कोणी?" मग आई निवृत्त झाली, क्वार्टर सोडावी लागली आणि आपण भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो, तेही तात्पुरतं. इथल्या मराठी मुलांचे शब्द एकेक करून गळून जातात, बाबा. माझेही गेले. उंबरठा म्हणायचा तर आता मला क्षणभर थांबावं लागतं. पण तात्पुरतं हा शब्द मी विसरले नाही, इतका तो तुम्ही घोटून घेतलात.

आणि तो लिहायचा कसा, हेही तुम्हीच शिकवलंत, चारचौघांत झापून. माझी पहिली नोकरी. चाचणीपुरती मी पॅनेलमध्ये एक जादा वायर टाकली होती आणि तिच्यावर इंग्रजीत 'टेम्प' लिहिलं होतं. तुम्ही मला न्यायला आलात, पॅनेलमध्ये डोकावलात आणि माझ्या साहेबासमोर आवाज चढवलात. "टेम्प म्हणजे काय? टेम्परेचर? उद्या कोणीतरी इथे तापमानाचा सेन्सर शोधत बसेल!" मी लाजेने अर्धी झाले. म्हटलं, मग काय लिहू, अस्थायी? "अस्थायी? इथे काय गाणं म्हणायचंय, अस्थायी-अंतरा? सरळ मराठीत लिही. तात्पुरते. मी सगळीकडे तेच लिहितो. स्वच्छ शब्द आहे, कोणाचा गोंधळ होणार नाही." तात्पुरती वायर असते, बाबा, पण तुम्ही कनेक्शनच्या हिशेबाने नेहमी 'तात्पुरते' लिहायचात. एक वेलांटी दिली असतीत तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला हल्ली उगीचच वाटतं.

आता त्या बाईचं सांगते. तिचं नाव लिहीत नाही, तुमची लायकी नाही ते ऐकायची. रेवाडीकडची आहे, माझ्यापेक्षा थोडी लहान, शेअर ऑटोने कारखान्यात येते. तिचं मशीन म्हणजे पत्र्याचा तुकडा बसवायचा, हवेवर चालणारा शिकंजा वरून खाली येऊन तो दाबून धरतो, काम होतं, शिकंजा उचलला जातो. दोन महिन्यांपूर्वी तुकडा तिरका बसला, तिने तो सरळ करायला डावा हात घातला आणि शिकंजा खाली आला. उजव्या हाताने तिने लाल बटण दाबलं. शिकंजा उचलला गेला नाही. ती बटण दाबत राहिली आणि ओरडत राहिली, शेवटी शेजारच्याने धावत जाऊन हवेचा मुख्य कॉक फिरवला तेव्हा हात सुटला. दोन बोटं गेली.

आणि मग सगळे म्हणाले, हिने बटण दाबलंच नाही. तर्क कसा पहा, तुम्हाला आवडला असता. बटण दाबलं की मशीन थांबतं. मशीन थांबलं नाही. म्हणजे बटण दाबलं नाही. सुपरवायझरने सर्वांसमोर बटण दाबून दाखवलं, मशीन गुमान थांबलं. दर महिन्याच्या चाचणीत ते थांबतच आलं होतं. ती रुग्णालयातून आली ती खोटारडी म्हणूनच. तिच्या नवऱ्यानेसुद्धा विचारलं म्हणे, "सच बता, दबाया था?" बोटांपेक्षा ते तिला जास्त लागलं, असं तिनेच मला सांगितलं. कंपनीला तपासणीचा कागद हवा होता म्हणून आमच्याकडे काम आलं आणि मी गेले. पॅनेल कोणी बनवलं, हे ना त्यांच्या ऑफिसला ठाऊक होतं ना मला.

दार उघडलं आणि मला कळलं. वायरी अशा ओळीत, वळणं अशी एकसारखी, जणू वेणी घातली आहे. असं काम या भागात दुसरं कोणी करत नव्हतं. सांगते, आधी मला बरं वाटलं. मग मी खाली वाकले आणि ती वायर दिसली, मुख्य सप्लायपासून थेट आउटपुट कार्डाच्या टर्मिनलवर गेलेली. मध्ये लाल बटणाचा कॉन्टॅक्टर होता, म्हणजे टाकी बंद करायला बसवलेला मोठा स्विच, आणि तुमची वायर त्याला वळसा घालून पुढे निघून गेली होती. मी ती धरायला हात पुढे केला तोच मागून कारखान्याचा इलेक्ट्रिशियन घाईने म्हणाला, "मैडम, उसको मत छेड़ना। वो तात्पुरते साहब की तार है।"

मी विचारलं, "किसकी?"

"तात्पुरते साहब की। मराठी थे कोई, पैनल उन्होंने ही बनाया था। देखो, नाम भी लिखा है।" त्याने पिवळ्या पडलेल्या टेपखालचं तुमचं अक्षर बोटाने दाखवलं. "पुराने लोग बोल के गए हैं, साहब ने अपने हाथ से डाली है, इसको कोई हाथ नहीं लगाएगा। आप तो मराठी हो, जानती होंगी।"

सातपुते असतात, मग तात्पुरते का नसावेत? बाबा, मी हसले. त्या पॅनेलसमोर उकिडवी बसून इतकी हसले की तो बिचारा ओशाळला. पॅनेल एकदा नव्याने रंगवलं, कार्ड बदलली, सगळं ड्रॉइंग संगणकावर पुन्हा काढलं, आणि प्रत्येक वेळी ही वायर मानाने जागच्या जागी ठेवली गेली. नव्या ड्रॉइंगमध्येसुद्धा तिच्याशेजारी इंग्रजी अक्षरांत लिहिलं आहे, तात्पुरते लिंक. तुम्ही ज्या शब्दाने सांगितलंत की ही काढा, त्याच शब्दाने ती वर्षानुवर्षं राखली. पण हसू ओसरल्यावर मी टेपखालचा तो शब्द पुन्हा वाचला. दोष त्यांच्या मराठीचा नाही, त्यांना कुठून यावी मराठी? शब्द तुमच्या एकट्याचा होता, काढायची जबाबदारीही तुमच्या एकट्याची होती. तुम्ही तिथे नंतर जात राहिलात ना? मला आठवतं. दिवाळीला मानेसरहून मिठाईचा डबा यायचा, कारखान्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं, "मशीन कधी बंद पडत नाही म्हणून खूश आहेत लेकाचे," असं म्हणत तुम्ही तो टेबलावर ठेवायचात. बंद कशी पडेल? कॉन्टॅक्टर बिघडला असेल, सुटा भाग यायला वेळ असेल, वरून उत्पादनाची घाई, पी हळद आणि हो गोरी. म्हणून तुम्ही वायर टाकली असेल. ते मी समजू शकते. पण नवा कॉन्टॅक्टर तर बसवलेला दिसतोय. म्हणजे भाग आला, बसला, आणि वायर राहिली. तुम्ही मिठाई खाल्लीत. कळतं पण वळत नाही अशी माणसं मी पाहिली आहेत, पण तुम्हाला वळायचंच नव्हतं, कारण आज ना उद्या काढू हे तुमच्या लेखी काढल्यासारखंच होतं.

लाल बटण दाबलं की इतकी वर्षं फक्त नळ बंद व्हायचा. कंट्रोलर कार्डाला सांगायचा बंद, कार्ड बंद व्हायचं, शिकंजा उचलला जायचा, सगळे समाधानी. टाकी चालूच आहे हे कळणार कसं? त्या दिवशी कार्डातला, वीज जोडणारा-तोडणारा संपर्क चिकटला. हुकूम गेला, कार्डावरचा दिवा विझला, पण आतून वीज वाहत राहिली आणि शिकंजा तिच्या हातावर बसून राहिला. तुमच्या शब्दांत सांगायचं तर नळ अडकला.

मॅनेजर भला माणूस आहे, म्हणजे गोड बोलतो. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "मैडम, आप ऑपरेटर एरर लिख दीजिए, वायरिंग हम चुपचाप ठीक करा लेंगे। बिल्कुल। किसी का नुकसान नहीं।" मी त्याला म्हटलं, तिला बोलवा, आणि सुपरवायझरलाही. ती आली, डावा हात ओढणीत गुंडाळलेला. मशीनपाशी यायला तयार होईना. अपघातानंतर कार्ड बदललं होतं, म्हणूनच सुपरवायझरने दाबल्यावर मशीन थांबलं; ते काढून ठेवलेलं जुनं, चिकटलेलं कार्ड मी पुन्हा बसवलं. शिकंज्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, शिकंजा त्यावर येऊन बसला. मग तिला म्हटलं, "अब आप दबाइए।" तिने उजव्या हाताने बटण दाबलं. कार्डावरचा दिवा विझला. शिकंजा हलला नाही. तुम्ही मला नोकरी लागल्यावर दिलेलं मीटर मी टर्मिनलवर लावलं आणि आकडा मॅनेजरकडे फिरवला: वीज पूर्ण आहे. तिने पुन्हा दाबलं, मग पुन्हा, आणि सुपरवायझरकडे बघत राहिली. त्याने मान खाली घातली. मग मी मेन बंद केला, तुमची वायर दोन्ही टोकांना सोडवली, सप्लाय दिला, शिकंजा पुन्हा ठोकळ्यावर बसवला. तिने बटण दाबलं आणि फुस्स करून तो उचलला गेला. ती मोठ्याने रडली. "मैंने कहा था। मैंने सबको कहा था।" मॅनेजरने चहाचा कप खाली ठेवला.

रडणं थांबल्यावर तिने मला विचारलं, "ये तात्पुरते साहब कहाँ मिलेंगे?"

मी म्हटलं, "क्यों?"

"पूछना है। अपनी बेटी को बिठाते इस मशीन पर?"

मला गप्प राहता आलं असतं. तुम्ही गेलात, तुमची पॅनेलं बनवणारी कंपनी बुडाली, त्या टेपखाली तुमचं खरं नाव नाही. तुमच्याच पद्धतीने मीही वळसा घालू शकले असते. मी म्हटलं, "वो गुज़र गए। मैं उन्हीं की बेटी हूँ।" मग तिने माझ्या हातातलं मीटर पाहिलं, माझी सगळी बोटं पाहिली आणि म्हणाली, "अच्छा।" एवढंच. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अहवालात मी सगळं लिहिलं, वायर कोणी घातली तेही, आणि तिने बटण दाबलं होतं हे पहिल्या ओळीत. अहवाल तिच्या नवऱ्यापर्यंत पोचावा म्हणून त्याची हिंदी प्रत मागून घेतली आणि तिच्या हातात दिली. तिची बोटं मात्र मी परत आणू शकत नाही, आणि तुम्हाला तिच्यासमोर उभंही करू शकत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती माझ्याकडेच असते, सोसायटीच्या सोळाव्या मजल्यावर, भिंतीवर खिळे ठोकलेल्या घरात. मला वाटलं ती तुमची बाजू घेईल, जन्मभर घेतली तशी. तिने सगळं ऐकून घेतलं, मग गळ्यातलं मंगळसूत्र बाहेर काढलं, ते अजून घालते ती, आणि म्हणाली, "हे एकपदरी आहे बघ. लग्नात म्हणाले, तात्पुरतं एकपदरी करू, पुढे दुसरा पदर लावू." मग ते आत टाकून म्हणाली, "त्या बाईकडे मला घेऊन चल एकदा." आम्ही जाणार आहोत. तिने आम्हाला दारात उभं केलं नाही तरी चालेल.

हे पत्र पाठवायचं नाहीच आहे. पाठवायचं असतं तरी पाकिटावर पत्ता म्हणून माझ्या हातून क्वार्टरचाच नंबर गेला असता, आणि क्वार्टर आता पाडली, तिथे उंच इमारती उभ्या राहताहेत. तुमच्या विटांचं काय झालं कोण जाणे. तुम्हाला माफ करायचं माझ्या मनात नाही, तसं वाटलं तर कळवीन असंही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. उरलेली पॅनेलं तपासायला मी काल पुन्हा मानेसरला गेले. त्या शब्दाचा अर्थ मी अहवालात लिहिला आहे, मॅनेजरला ठाऊक आहे, पण अहवाल वाचतंय कोण. तात्पुरते साहेबांची मुलगी आली होती, एवढंच सगळ्या कारखान्यात पसरलं आहे. गेटवरच्या गार्डने मला पाहिलं, फोन उचलला आणि आत कळवलं, "तात्पुरते मैडम आई हैं।" मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तात्पुरते मैडम ही हैं ना आप?" खरं आडनाव सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाबा, मी हो म्हटलं आणि आत गेले.